बायकी पुरुषांस प्रवेश नाही

रस्सीखेच मंडळाच्या दारावर एक लाकडी पाटी होती. पाटीवर मंडळाचं नाव नव्हतं. ते लिहायचं राहून गेलं होतं आणि पुढे कुणाला त्याची गरज वाटली नाही. पाटीवर एवढंच होतं : 'बायकी पुरुषांस प्रवेश नाही.' संस्थापकांनी ती स्वतःच्या हातानं ठोकली होती, असं सगळे सांगत. त्या पाटीमुळे कुणाला दारावरून परत पाठवल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं. याचा अर्थ एकतर गावातले झाडून सगळे पुरुष पुरुषी होते, किंवा पाटी कुणी वाचत नव्हतं. मुकादमाला दुसरं खरं वाटायचं. दार बुटकं होतं, तो उंच होता, आणि वाकून आत शिरणाऱ्या माणसाला डोक्यावरची पाटी दिसत नाही.

मुकादम हा मंडळाचा नांगर. म्हणजे दोराच्या अगदी शेवटी उभा राहणारा गडी. दोर काखेखालून घ्यायचा, पाठीवरून खांद्यावर टाकायचा आणि टाचा जमिनीत रोवून आपण माणूस नसून झाडाचं खोड आहोत अशी समजूत करून घ्यायची. हे त्याला फारसं अवघड जात नसे. दिवसा तो नदीकाठच्या गोदामात हमालांवर मुकादमी करी, आणि वजनकाटा बरोबर आहे की नाही हे बघायचं झालं की मालक आधी त्यालाच काट्यावर उभं करी. गावात त्याला दोन गोष्टींमुळे मान होता, एक त्याचं वजन आणि दुसरं दोराचं टोक. वजन काय, कुणालाही वाढवता येतं. दोराचं टोक एकच असतं.

दोर आठजण ओढत. नववा नुसता ओरडे. हा नववा फार महत्त्वाचा. रस्सीखेचीत ताकद लागते असं बघणाऱ्यांना वाटतं. ओढणाऱ्यांना माहीत असतं की आठजणांनी एकाच क्षणी ओढलं नाही तर ती ताकद नुसती आठ ठिकाणी घाम गाळते. तो क्षण हाक देणारा ठरवतो. त्यानं 'धऽऽर' म्हटलं की धरायचं, 'खेच' म्हटलं की खेचायचं. मधे विचार करायचा नाही. विचार करणारा गडी आपटतो.

मंडळाची हाक देत असे मुकादमाचा मेहुणा. त्याचं फिती, लेस, बटणं आणि रेशमी दोऱ्यांचं दुकान होतं, म्हणून गाव त्याला रेशीमराव म्हणे. पण दुकान नसतं तरी त्याला तेच म्हटलं असतं. तो नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून चालल्यासारखा चाले. बोलताना त्याचे हात आधी बोलत आणि तोंड मागून येई. आश्चर्य वाटलं की एक बोट गालावर ठेवून 'अगंबाई!' म्हणे, आणि त्याला दिवसातून पुष्कळदा आश्चर्य वाटे. आवाज मात्र असा बारीक आणि धारदार होता की दोन्ही बाजूंचे शेकडो लोक बेंबीच्या देठापासून ओरडत असले तरी त्या गोंगाटातून तो सुईसारखा आरपार जाई. पूर्वीचा हाक देणारा चांगला ढोलासारख्या आवाजाचा होता. त्याचं 'खेच' गर्दीत मिसळून जाई आणि आठजण आठ वेळेला ओढत. रेशीमराव आल्यापासून मंडळ हरलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या काठाच्या संघाशी सरावाची लढत झाली. पलीकडच्यांना ताकदीनं जमेना, तेव्हा त्यांनी वेगळाच डाव टाकला. रेशीमरावानं हाक दिली की त्यांची सगळी मंडळी गालावर बोट ठेवून एकसुरात 'अगंबाई!' म्हणायची. लोक हसून हसून लोळले. मुकादमाचा संघ तरीही जिंकला, कारण बोट गालावर असलं की दोराला एक हात कमी पडतो. पण मंडळाच्या अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

अध्यक्षांची लाकडाची वखार होती आणि बोलणंही ओंडके उतरवल्यासारखं. "जिंकलो!" ते म्हणाले. "पण कसे जिंकलो? एका बायकी आवाजावर! याच्यापेक्षा पुरुषासारखे हरलो असतो तर ताठ मानेनं घरी गेलो असतो." आणि त्यांनी जाहीर केलं की येत्या रविवारी सभा भरेल, दारावरच्या पाटीची अंमलबजावणी होईल आणि मोठ्या सामन्याच्या आत मंडळ स्वच्छ होईल.

ही बातमी मुकादमाच्या आधी त्याच्या घरी पोचली. मंडळाची झाडलोट करणारी बाई त्याच गल्लीत राहत होती, आणि ती केर जसा गोळा करी तशीच बातमीही. फरक एवढाच की केर ती टाकून देई.

बायको कांदा चिरत होती. तिनं वर पाहिलं नाही, हे वाईट लक्षण होतं.

"अहो, माझ्या भावाला काढताय म्हणे?"

"मी कुठे काढतोय? अध्यक्ष काढतायत."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी... बघतो."

"तुमचं बघणं मला माहीत आहे. छत गळत होतं तेव्हाही बघतच होता. खाली उभं राहून."

"अगं, पण तोही जरा... म्हणजे तूच सांग, गालावर बोट कशाला ठेवायचं माणसानं?"

"स्वतःच्याच गालावर ठेवतो ना? तुमच्या मंडळातला तो खाटीक गावभर कुणाकुणाच्या गालावर ठेवत फिरतो, ते चालतं!" सुरी थांबली. "हे बघा. तो बाहेर गेला आणि तुम्ही मूग गिळून बसलात, तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

 बायको भांडली तर मुकादमाला चाले, भांडी आदळली तरी चाले. पण बोलणं बंद झालं की घर त्याला खायला उठे. मागे एकदा तिनं अबोला धरला होता तेव्हा तो इतका झडला की गोदामात मालकानं काटा दुरुस्तीला पाठवला. उलट सभेत मेहुण्याची बाजू घ्यावी, तर अध्यक्ष दोराचं टोक काढून दुसऱ्याच्या खांद्यावर देतील. त्या टोकावर डोळा ठेवून असलेले दोघे-तिघे होतेच. त्यानं पुष्कळ विचार केला. विचाराची सवय नसल्यानं त्याला घाम आला, आणि शेवटी एक युक्ती सुचली : मेहुण्यालाच रविवारच्या आत पुरुषी करून टाकावं.

दुसऱ्या दिवशी गोदाम सुटल्यावर तो दुकानात गेला. रेशीमराव एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला फीत मोजून देत होता.

"पाय फाकवून बस," मुकादम म्हणाला.

"कुठे फाकवू, भाऊजी? इकडे बटणांचे खोके, तिकडे लेस."

"बरं, उभा राहा. छाती काढ. आता जाड आवाजात बोल."

"काय बोलू?"

"काहीही. 'खेच' म्हण."

रेशीमरावानं हनुवटी गळ्यात रुतवली, डोळे मोठे केले आणि 'खेच' म्हटलं. तोंडात भाकरीचा तुकडा असताना कुणी विहिरीत पडावं तसा आवाज आला.

"घसा बसलाय का रे?" म्हातारी कळवळून म्हणाली. "मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर."

"हात हलवू नकोस," मुकादम म्हणाला. "खिशात घाल."

रेशीमरावानं हात खिशात घातले आणि तो गप्पच झाला. मुकादम वैतागून म्हणाला, "बोल की!"

"येत नाही, भाऊजी. हात कोंडले की शब्दही आतच राहतात." त्यानं हात बाहेर काढले, त्यांना बरं वाटलं असावं. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"काय?"

"हेच. जाड बोलणं, जमीन आपल्या बापाची असल्यासारखं चालणं."

"ते शिकवावं लागत नाही. आपोआप येतं."

"मग मला हे आपोआप येतं," रेशीमराव म्हणाला आणि फितीची गुंडाळी करायला लागला. म्हातारी गेल्यावर तो हळूच म्हणाला, "भाऊजी, काढणार असतील तर काढू देत. मी काही सभेत रडणार नाही. रडेन, पण घरी येऊन. फक्त एक करा. हात वर करायची वेळ आली तर तुम्ही करू नका. बाकी कुणाचाही वर झाला तरी मला चालेल."

हे त्यानं हात न हलवता म्हटलं, म्हणून मुकादमाला ते जास्त लागलं.

रविवारी सकाळी सभा भरली. मंडळाची खोली लांबट होती. एका भिंतीला दोराचं वेटोळं, दुसऱ्या भिंतीला बाकं, आणि समोर संस्थापकांची मोठी तसबीर. अध्यक्ष मर्दपणाविषयी बोलायला उभे राहिले की नेहमी या तसबिरीकडे बोट करत. खरं तर तसबीर कुणी नीट पाहिलेली नव्हती. संस्थापकांचे केस खांद्यापर्यंत रुळत होते, तेही एकेक बट वळवून. गालांना लाली होती. गळ्याशी लेसचा एवढा मोठा फुलोरा होता की रेशीमरावानं भीत भीत दर काढला असता. पायांत उंच टाचांचे बूट, बुटांवर फुलं, आणि मांडीवर एक चिमुकलं कुत्रं. तसबिरीखाली पहिल्या विजयी संघाचा फोटो होता. त्यात आठ धिप्पाड मिशाळ गडी एकमेकांचे हात हातात घेऊन बसले होते आणि नववा सरळ दोघांच्या मांडीवर आडवा झाला होता.

"या थोर पुरुषाकडे बघा!" अध्यक्ष गरजले. सगळ्यांनी बघितलं. काहीजण जरा जास्तच वेळ बघत राहिले. "यांचा शब्द हा आपल्या मंडळात अखेरचा शब्द. त्यांनी पाटी लावली. आपण ती पाळायची. विषय संपला."

"एक विचारू का?" शाळेतले मास्तर उठले. ते दोरावर तिसरे असत आणि सभेत कायम पहिले. "बायकी म्हणजे नेमकं काय?"

"बायकी म्हणजे बायकी! यात विचारायचं काय?"

"नाही, म्हणजे अंमलबजावणी करायची तर व्याख्या हवी."

"छत्री!" खाटीक बाकावरून ओरडला. "छत्री घेऊन फिरतो तो बायकी. आमच्या बापानं जन्मात छत्री धरली नाही."

दाराशी टेकवून ठेवलेल्या छत्र्यांकडे सगळ्यांची नजर गेली. तिथे बऱ्याच छत्र्या होत्या, आणि त्यांतली सगळ्यात मोठी, लाकडी मुठीची, अध्यक्षांची होती.

"छत्री सोडा," अध्यक्ष म्हणाले. "रडणं! पुरुष रडत नाही."

"जुन्या काळी रडत," मास्तर म्हणाले. "मोठमोठे योद्धे ढसाढसा रडत. न रडणाऱ्याला लोक दगड म्हणत. उलट तेव्हा गरम पाण्यानं आंघोळ करणारा बायकी समजला जाई."

"थंडीतसुद्धा?" कुणीतरी घाबरून विचारलं.

"थंडीत तर जास्तच."

मग सभेला जोर चढला. मऊ गादीवर झोपणारा, गोड खाणारा, आरशात दोनदा बघणारा, मिशी ठेवणारा, मिशी काढणारा, सगळे एकेक करून बायकी ठरले. प्रत्येकाची व्याख्या शेजाऱ्यापाशी येऊन थांबत होती. दारात झाडलोटवाली बाई केरसुणीवर हनुवटी टेकून उभी होती. ती आत झाडायला आली होती, पण एवढा केर पडत असताना झाडण्यात अर्थ नव्हता. रेशीमराव मागच्या बाकावर हात मांडीखाली दाबून बसला होता.

तेवढ्यात कोपऱ्यात डुलक्या घेणारे आजोबा जागे झाले. आजोबा मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. दोर धरणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं, पण बाक सोडला नव्हता.

"अरे, भांडताय कशाला?" ते म्हणाले. "पाटी कुणासाठी लावली ते मला विचारा ना. आमच्या घरातलीच गोष्ट आहे. माझ्या पणजोबासाठी लावली."



"ते... नाजूक होते का?" अध्यक्षांनी जपून विचारलं.

"नाजूक? मंडळाचा पहिला नांगर! बैलाला कुशीत घेऊन नदी पार करायचा. पण लग्न झालं आणि गडी बिघडला. सराव अर्धा टाकून घरी पळायला लागला. का, तर बायको वाट बघतेय. तिचं ऐकायला लागला. संस्थापक ब्रह्मचारी. त्यांनी त्याला हाकललं आणि पाटी ठोकली. ते म्हणत, बाईच्या मागे लागतो तो बाईसारखा होतो. आमच्या आजोबांच्या लहानपणीसुद्धा बायकी म्हणजे हाच. लाली लावतो, टाचा घालतो, त्याचं कुणाला काही नव्हतं. ती तर मोठ्या माणसाची लक्षणं."

"म्हणजे..." खाटकाचा आवाज बारीक झाला, "समजा कुणी एकीच्या नाही, बऱ्याचजणींच्या मागे असेल तर? तो तरी मर्द ना?"

"तो तर सगळ्यात बायकी," आजोबा म्हणाले. खाटीक बाकावर निम्मा झाला.

"आणि तुमच्या पणजोबाचं पुढे काय झालं?" मास्तरांना राहवेना.

"अकरा पोरं झाली. दुसरं काय होणार?"

आता सगळ्या माना हळूहळू वळल्या. आधी रेशीमरावाकडे : अविवाहित, एक सराव न चुकवलेला, दिवसभर दुकानात बायकांचा घोळका असून फितीवरची नजर न हललेला. संस्थापकांच्या मापानं त्याच्याएवढा मर्द खोलीत दुसरा नव्हता. "अगंबाई," तो पुटपुटला. मग माना मुकादमाकडे वळल्या. सराव संपायच्या आत कोट चढवून दाराशी कोण उभा असतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. अखेरचा शब्द त्यांनीच संस्थापकांना देऊन टाकला होता, आणि मोठ्या सामन्याच्या तोंडावर नांगरच बाहेर जायला निघाला होता. ते मुकादमापाशी आले, खांद्यावर हात ठेवला आणि ओंडक्याला शक्य तितक्या मऊपणानं म्हणाले, "मुकादम, काही काळजी करू नका. उभे राहून एवढंच सांगा, की घरात तुमचं चालतं, बायको तुमच्या मुठीत आहे. संपलं! तुमचा विषय मिटला. मग आपण याचा घेऊ, आपल्या काळातल्या अर्थानं. आणि तेव्हा पहिला हात तुम्ही वर करा. घरचाच माणूस म्हणतोय म्हटल्यावर कुणाला बोलायला जागा नाही."

फार सोयीचं होतं. एक वाक्य, एक हात, आणि दोराचं टोक कायमचं त्याचं. मुकादम उभा राहिला. तो उठल्याबरोबर बाकाचं दुसरं टोक खाली गेलं आणि तिथे बसलेले मास्तर जमिनीवर आले. त्यानं मागे पाहिलं. रेशीमराव त्याच्याकडे बघत नव्हता. तो मांडीखालचे हात आणखी घट्ट दाबत होता.

"चालत नाही," मुकादम म्हणाला.

"काय?"

"घरात माझं चालत नाही. आणि मी पळतो घरी. गेल्या मंगळवारी सराव टाकून का गेलो? तिच्या केसांना रंग लावायचा होता. दर महिन्याला मीच लावतो." एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना, खरं म्हणजे या कामाचा त्याला मनातून अभिमान होता आणि तो कुणापाशी सांगायची आजवर सोय नव्हती. "आधी कपाळाच्या कडेनं तेल लावायचं, म्हणजे कातडीला डाग पडत नाही. मग भांगापासून सुरुवात. ब्रश दातांचा, जुना, मऊ झालेला. पुढे तिचे जवळजवळ सगळेच पांढरे झालेत, तिथे दोन हात द्यायचे. आणि कानामागचं विसरायचं नाही. सगळे कानामागचं विसरतात." जमिनीवर बसलेले मास्तर लक्षपूर्वक ऐकत होते. "ती म्हणते, पैसे घेणाऱ्यांनासुद्धा असं जमत नाही. तेव्हा मी बायकी असेन तर मला काढा. पण या पोराविरुद्ध माझा हात वर होणार नाही. त्याची हाक नसेल तर मी दोर धरणार नाही. तुमचं 'खेच' मी ऐकलंय अध्यक्ष. वखारीत ओंडका पडला तर असा आवाज येतो, त्यावर आठजण एकदम ओढत नाहीत."

अध्यक्ष लालबुंद झाले. "ठीक आहे! दोघांनाही काढतो. घ्या मत! ज्याच्या घरी बायकोचं चालत नाही, त्यानं हात वर करावा. तेवढेच या सभेत मत द्यायला लायक."

एकही हात हलला नाही. अध्यक्षांचा स्वतःचा हात कोपरापर्यंत उठला, तेवढ्यात दारातल्या बाईनं केरसुणी दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. ही बाई संध्याकाळी त्यांच्या वखारीमागच्या घरातही झाडायला जात असे. अध्यक्षांनी त्या हातानं कान खाजवला. शेवटी फक्त आजोबांचा हात वर गेला. त्यांची बायको जाऊन जमाना झाला होता. तरी हात वर करण्याआधी त्यांनी एकदा आढ्याकडे बघून घेतलं.

एक मत. ठराव बारगळला. सभा कशी संपवायची कुणाला सुचेना, तेव्हा रेशीमरावानं मांडीखालून हात काढले, डोळे पुसले आणि तीक्ष्ण आवाजात म्हटलं, "सराव करायचा की नाही?" सवयीनं सगळे उठले.

मुकादम घरी निघाला तेव्हा रस्ता त्याला अरुंद वाटत होता, एवढी त्याची छाती फुगली होती. मेहुणा राहिला होता, दोराचं टोक राहिलं होतं, आणि आता बायको काय काय बोलेल याची तो मनातल्या मनात उजळणी करत होता. रेशीमराव शेजारून चालत होता आणि सभेची हकीकत सभेत नसलेल्या लोकांना दोन्ही हातांनी सांगत होता.

बायको दारातच उभी होती. झाडलोटवाली बाई नुकतीच तिथून गेली असावी.

"राखलं बघ तुझ्या भावाला," मुकादम म्हणाला. "भर सभेत!"

"ऐकलं."

"सगळं?"

"सगळं. भांगापासून कानामागपर्यंत." तिचा आवाज इतका शांत होता की त्याची छाती जागच्या जागी उतरली. "पुढचे जवळजवळ सगळेच पांढरे झालेत, असं म्हणालात?"

"ते... बोलण्याच्या ओघात..."

"इतकी वर्षं या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. शेजारणी विचारायच्या, तुमचे केस अजून कसे हो इतके काळे? मी म्हणायची, आमच्या घराण्यातच आहे."

"ताई, पण भाऊजींनी माझ्यासाठी..." रेशीमराव मधे पडला.

"तू गप्प. तू आत ये, जेवायला बस." तिनं भावाला आत घेतलं आणि दार अर्धं लोटलं. मुकादमानं फटीतून तोंड पुढे केलं.

"अगं, बोलणार आहेस ना पण माझ्याशी?"

"बोलेन. शब्द दिलाय, पाळेन. पण केसांना हात लावायचा नाही. यापुढे माझा रंग रेशीमच लावेल. तो निदान पुरुषासारखा तोंड मिटून तरी बसतो."